उंच टाचेचा प्रश्न



आजचा विषय पाहून काही जण हे पत्रक घडी करून खिशात ठेवतील आणि काही जण मिस्सा संपायच्या आतच वाचून काढतील, याची आम्हाला कल्पना आहे. प्रश्न असा आहे. कामानिमित्त परगावी गेलेल्या एखाद्या पुरुषाने चारचौघांत उंच टाचेच्या, म्हणजे आपण हाय हिल म्हणतो तशा, सँडल घातल्या, तर त्यात नैतिकदृष्ट्या काही वावगे आहे का? की हा नुसता आवडीनिवडीचा मामला आहे आणि आपण उगाच त्याला पापपुण्याच्या पंगतीला बसवतो आहोत?

विषय हवेतला नाही. जून २०११ मध्ये अमेरिकेत एक प्रौढ गृहस्थ फोर्ट लॉडरडेलहून फिनिक्सला विमानाने गेले. अंगावर स्त्रियांची अंतर्वस्त्रे, लांब मोजे आणि पायात उंच टाचा. आपण व्यवसाय सल्लागार आहोत आणि आपला प्रवास वरचेवर होतो, असे त्यांनीच पुढे सांगितले. सहप्रवाशांनी तक्रार केली, पण विमान कंपनीने त्यांना अडवले नाही. त्यानंतर आठवडाभरातच त्याच कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोला एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला विमानातून उतरवले, कारण त्याची पँट कमरेखाली घसरलेली होती. त्याला अटकही झाली. या दोन घटना शेजारी ठेवल्या की ‘सभ्य पोशाख’ या शब्दाचा अर्थ माणूस पाहून कसा बदलतो, ते दिसते.

पण आपल्या प्रश्नासाठी पहिले उदाहरण फारसे उपयोगाचे नाही. नुसत्या अंतर्वस्त्रांत प्रवास करणे हे स्त्रीने केले तरी शालीनतेला सोडूनच होईल. तिथे टाचांचा दोष नाही, कपड्यांच्या अभावाचा आहे. दुसरे उदाहरण अधिक स्वच्छ आहे. जर्मनीत राहणारे मार्क ब्रायन हे अमेरिकन अभियंते २०२० साली जगभर प्रसिद्ध झाले. विवाहित, मुलांचे वडील. वर साधा शर्ट, खाली गुडघ्यापर्यंत स्कर्ट आणि पायात उंच टाचा, अशा वेशात ते कामावर जात. अंग सगळे झाकलेले, कोणाला चिथावणी नाही, कोणाची टवाळी नाही. कपड्यांना लिंग नसते, एवढेच त्यांचे म्हणणे.

आता जर्मनी सोडून नागपुरात येऊ. समजा, इथला एक गृहस्थ एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी आहे. महिन्यातून एकदा तो विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जातो. नागपूर स्टेशनवर चढताना पायात काळे बूट. मुंबईत दिवसभराचे काम आटोपले की संध्याकाळी तो बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या उंच टाचेच्या सँडल काढतो, त्या घालून चौपाटीवर तासभर फिरतो, भेळ खातो आणि खोलीवर परत येतो. कोणाला त्रास नाही, कोणाशी बोलणे नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट. हा गृहस्थ वाचताना डोळ्यांसमोर असू द्या.

शास्त्र वाचणारा वाचक इथे लगेच ‘अनुवाद’ या पुस्तकाचा बाविसावा अध्याय उघडेल. त्याच्या पाचव्या ओवीत पुरुषाने स्त्रीचा वेश घालू नये असे आहे, आणि ते सौम्य शब्दांत नाही. हा आक्षेप आम्ही बाजूला सारणार नाही. मात्र जो ती ओवी वाचतो त्याने ती पूर्ण वाचावी. तिचा पहिला अर्धा भाग स्त्रीने पुरुषाचा वेश घालू नये असा आहे. आपल्या मुली जीन्स घालून स्कूटीवरून कॉलेजला जातात, तशाच रविवारी मिस्सेलाही येतात. त्यांना थांबवून ती ओवी वाचून दाखवणारा धर्मग्रामस्थ आमच्या पाहण्यात नाही. म्हणजे एकाच ओवीचा पहिला अर्धा आपण कधीतरी गुपचूप मिटवून टाकला आणि दुसरा अर्धा मात्र जपून ठेवला. त्याच अध्यायात थोडे पुढे लोकर आणि ताग एकत्र विणलेले कापड अंगाला लावू नये, असेही सांगितले आहे. टेरिकॉट विकणाऱ्या गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांनी ते मनावर घेतलेले दिसत नाही.

थट्टा सोडून देऊ. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्वायनस (१२२५ ते १२७४) यांच्याकडे वारंवार जावे लागे. त्यांनी नेमक्या या प्रश्नावर लिहिले आहे. त्यांची भूमिका सैल नाही: स्त्रीने पुरुषाचा आणि पुरुषाने स्त्रीचा वेश घेणे हे एरवी सदोषच, असे ते मानतात. पण कारण देताना ते जे सांगतात ते महत्त्वाचे आहे. बाहेरचा वेश माणसाच्या स्थितीला शोभणारा आणि त्या समाजाच्या सर्वसाधारण रीतीला धरून असावा, हा त्यांच्या युक्तिवादाचा पाया. जुन्या करारातल्या मनाईमागे मूर्तिपूजकांचे विधी होते, असेही ते नोंदवतात. आणि मग ते अपवाद सांगतात: शत्रूपासून लपायचे असेल, दुसरे कापडच नसेल, तर दोष नाही. आता ज्या नियमाचा पाया ‘सर्वसाधारण रीत’ हा आहे, तो नियम रीत बदलली की जागचा हलणारच. खोटे बोलू नये, हा नियम तसा हलत नाही. नागपुरात खोटे वाईट आणि मुंबईत चांगले, असे होत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही शालीनतेची रूपे संस्कृतीप्रमाणे वेगवेगळी असतात, हे मान्य केले आहे. शालीनतेची गरज मात्र सगळीकडे सारखी.

मग टाचेची रीत काय सांगते? उंच टाच मुळात पुरुषाची, तीही घोडेस्वाराची. इराणी स्वार रिकिबीत पाय घट्ट रुतावा म्हणून टाचेचे बूट घालत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती टाच युरोपात गेली आणि सरदार-दरबाऱ्यांनी उचलली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे १७०१ सालचे प्रसिद्ध चित्र पाहा, पायात लाल टाचा आहेत. अठराव्या शतकात पुरुषांनी टाच सोडली आणि ती बायकांकडे राहिली. कॅनडातल्या टोरंटो शहरात बाटा कंपनीच्या घराण्याने उभारलेले पादत्राणांचे संग्रहालय आहे. तिथे २०१५ साली पुरुषांच्या उंच टाचांच्या इतिहासावर खास प्रदर्शनच भरवले होते.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? पेशवाईतले पुरुष कानात भिकबाळी घालत आणि त्यांना कोणी नावे ठेवत नसे. वासुदेव पायघोळ झगा घालून दारात येतो. पोतराज तर कमरेला घागऱ्यासारखे वस्त्र गुंडाळून, केस मोकळे सोडून, पायात घुंगरू बांधून भररस्त्यात फिरतो. आणि हे त्याचे कामच. खडावांवर चालणारे बैरागी जमिनीपासून चार बोटे वरच असतात. आमच्या स्वतःच्या पांढऱ्या झग्याकडे बस स्टँडवर एखादे लहान मूल बोट दाखवते आणि आईला विचारते की या काकांनी गाऊन का घातला आहे. आई त्याला दटावते. आम्हाला मात्र तो प्रश्न रास्त वाटतो.

कामासाठी गावोगाव फिरायचे आणि स्त्रीवेश घालायचा, हे महाराष्ट्राने एकेकाळी डोक्यावर घेतले होते. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व (१८८८ ते १९६७). १९१३ साली निघालेली त्यांची गंधर्व नाटक मंडळी बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडत असे. त्यांनी शालू कसा नेसला, अंबाड्यात फुले कशी माळली, हे पाहून खानदानी घरांतल्या बायका त्यांचे अनुकरण करीत. पुरुषाकडून स्त्रिया नेसणे शिकल्या! १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिला. आपल्या विदर्भात खडी गंमत आणि दंडार हे प्रकार होते आणि काही ठिकाणी अजून आहेत. शेतकरी, मजूर घरातली पोरे लुगडे नेसून, पायात चाळ बांधून रात्रभर नाचत आणि सकाळी तोंड धुऊन दुसऱ्या गावाला निघत. गाव त्यांना जेवू घाली.

पण या चित्राला दुसरी बाजू आहे. गणपत पाटील यांनी तमाशापटांतून नाच्याची भूमिका वर्षानुवर्षे केली. २००८ साली ते वारले. बायको-मुले असलेला हा कुटुंबवत्सल कलावंत. पण लोकांनी पडद्यावरची ती चाल त्यांच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडली. बालगंधर्वांना शालू आणि आदर, गणपत पाटलांना टाळ्या आणि मागून हशा. दोघेही पोटासाठी स्त्रीवेश घेत होते. मग फरक कशात होता? एकाने राणीचा वेश घेतला आणि दुसऱ्याने नाचणाऱ्याचा, हा एक. एकाचा प्रेक्षक पहिल्या रांगेत खुर्चीवर होता, दुसऱ्याचा जमिनीवर, हा दुसरा. यातला एकही फरक नैतिक नाही.

आणि चौपाटीवरच्या आपल्या गृहस्थाजवळ तर रंगमंचाचा आडोसाही नाही. पडदा पडला की सुटका, असे त्याला म्हणता येत नाही. म्हणून त्याच्यावरचा हशा अधिक उघडा असतो. त्या हशाचे मूळ आम्हाला एका शब्दप्रयोगात सापडते. भित्र्या माणसाला आपण काय म्हणतो? ‘हातात बांगड्या भर.’ सभेतले पुढारी म्हणतात, क्रिकेट पाहताना पोरे म्हणतात, घरात बाप मुलाला म्हणतो, आणि तिथे पोळ्या लाटणाऱ्या आईच्या हातात बांगड्याच असतात. तिने पहाटे पाचला उठून डबे केलेले असतात. स्त्रीची वस्तू पुरुषाच्या अंगावर दिसली की पुरुष खाली उतरला, असे आपल्याला वाटते. याचा अर्थ स्त्री खालीच आहे, हे आपण आधी धरून चालतो. उलट दिशेचा प्रवास पाहा. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी पुरुषी वेश घातला. त्यांचे अश्वारूढ पुतळे चौकाचौकांत आहेत. वर चढणे म्हणून ते आपल्याला भावते.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात हे प्रकरण रक्ताने लिहिलेले आहे. फ्रान्सची जोन ऑफ आर्क पुरुषी वेशात लढली. धर्मन्यायालयात तिच्यावर जे आरोप ठेवले, त्यांत हा वेश होता. तुरुंगात तिने पुन्हा तो घातला, तेव्हा ती पुन्हा पाखंडाकडे वळल्याचा तो पुरावा मानला गेला. ३० मे १४३१ रोजी रूआँ शहरात तिला जिवंत जाळले. ती एकोणीस वर्षांची असावी. १४५६ साली तो निवाडा रद्द ठरला आणि १९२० साली ख्रिस्तसभेने तिला संतपद दिले. जाळणाऱ्यांपैकी बरेच जण शास्त्र जाणणारे होते. अनुवादातली ती ओवी त्यांना तोंडपाठ असणार.

आणखी एक विसंगती. २०१५ साली लंडनमध्ये एका तरुण स्वागतिकेला सपाट चपला घातल्या म्हणून पहिल्याच दिवशी बिनपगारी घरी पाठवले. उंच टाच घालणे तिच्या नोकरीची अटच होती. तिच्या अर्जावर दीड लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि विषय तिथल्या संसदेपर्यंत गेला. म्हणजे जी वस्तू घातली नाही म्हणून बाईची रोजी जाते, तीच घातली म्हणून पुरुषाची जाऊ शकते. टाच बिचारी तीच. अडीच-तीन इंच लाकूड किंवा प्लॅस्टिक. पोटऱ्या दोघांच्याही सारख्याच दुखतात.

इथे एक गंभीर आक्षेप उरतो आणि तो आमच्याच शाळेतला आहे. संत पौल करिंथकरांना लिहितात की आपल्या खाण्याने दुबळा बंधू अडखळणार असेल, तर आपण ते मांस कधीच खाणार नाही. मग या गृहस्थाने लोकांच्या भावनेखातर टाचा सोडू नयेत का? नीतिशास्त्रात यावर जुना भेद आहे. एक अडखळण दुबळ्याची, दुसरी परुश्याची. दुबळा खरोखर गोंधळतो आणि त्याचे पाऊल वाकडे पडू शकते. त्याच्यासाठी थांबावे, समजावून सांगावे. परुश्याला मात्र अडखळायचेच असते. त्याच्या रागाचा हिशेब ठेवत बसलो तर कोणतेही चांगले काम होणार नाही, आणि प्रभू येशूने तो हिशेब ठेवला नाही. चौपाटीवर त्या गृहस्थाचे पाय पाहून कोणाचा विश्वास डळमळेल? कोणाचा संसार मोडेल? फार तर कोणाची भेळ थोडी सांडेल.

कंपनीच्या वेळेत कंपनीचा गणवेश पाळावा, हे आम्हाला मान्य आहे. पगार घेतो तर ते कबूल केलेलेच आहे. संध्याकाळ मात्र कंपनीने विकत घेतलेली नसते.

आमचे मत इथवर स्पष्ट आहे: शालीनता सांभाळून पुरुषाने उंच टाच घालणे यात पाप नाही. असा पुरुष म्हणजे अमुकच प्रकारचा, अशी पाटीही लावू नये. कोणी ते हौस म्हणून करतो, कोणाच्या आत स्वतःविषयीचे फार खोल काही असते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. पण पायातल्या वस्तूवरून आत काय आहे, हे न्यायालयालाही कळत नाही आणि आम्हालाही नाही.

आम्हाला अस्वस्थ करते ती दुसरीच गोष्ट. त्या गृहस्थाने मुंबईच का निवडली? समुद्र आहे म्हणून नव्हे. तिथे त्याला कोणी ओळखत नाही म्हणून. सदर, सीताबर्डी, जरीपटका इथे त्याला ओळखणारी माणसे आहेत: शेजारी, लहानपणचे मित्र, मिस्सेला शेजारच्या बाकावर बसणारे, कदाचित आम्हीही. गाव याचा अर्थ जिथे आपल्याला हाक मारून बोलावतात ती जागा. आणि हा माणूस जिथे त्याला कोणीही हाक मारणार नाही तिथेच निर्धास्त चालतो. आठशे किलोमीटर लांबच्या अनोळखी गर्दीवर त्याचा आपल्यापेक्षा जास्त भरवसा आहे.

नागपूरला टिंगल करायची जुनी परंपरा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, बडग्ये निघतात. भ्रष्टाचार, महागाई, मोठमोठे पुढारी यांची भररस्त्यात धिंड निघते आणि सगळे शहर ते पाहायला लोटते. ती टिंगल आम्हाला आवडते, कारण ती आपल्यापेक्षा बलाढ्य असलेल्यांची असते. एकट्या माणसाच्या मागे चार पोरे शिट्ट्या मारत जातात, त्याला मारबत म्हणत नाहीत.

काही जण विचारतील की घरी एक आणि बाहेर एक, हे ढोंग नाही का? आम्हाला तसे वाटत नाही. खोटे सांगणे आणि सगळे न सांगणे यांत अंतर आहे. आपल्यापैकी प्रत्येक जण रोज काही ना काही स्वतःपाशी ठेवतो आणि शेजाऱ्यांचा आपल्या बॅगेवर हक्क नाही.

पण बॅग घरी आल्यावर ती उघडून कपडे धुवायला काढणारी एक व्यक्ती असते. तिच्याशी त्याने वेदीसमोर वचन दिलेले आहे. तिला ठाऊक आहे का? शेजारी, कंपनी, चौपाटीवरचे लोक या सगळ्यांपुढे त्याला गप्प बसता येईल. तिच्यापुढे किती वर्षे? आणि एखाद्या दुपारी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सँडल तिच्या हाती लागल्या, तर ती पहिल्यांदा काय समजेल? बहुधा दुसरी बाई. ते दुःख तिला विनाकारण होईल. म्हणून आमचा सल्ला विचारला तर आम्ही म्हणू, तिला सांग. ती तुझ्या हातातून ऐकू दे, बॅगेतून नको. ती हसेल, रडेल, चिडेल, आठवडाभर बोलणार नाही, किंवा नंबर किती म्हणून विचारेल. पुढे काय करायचे, ते त्या घरातल्या दोघांनी ठरवायचे आहे. बोलावले तर आम्ही जाऊ. न बोलावता जाणार नाही.